स्नेहसंमेलन, हस्तलिखित आणि वाढीव गुण

थंडी पडू लागली की तालुक्याच्या गावांतील हायस्कुलांना स्नेहसंमेलनाचे वेध लागतात. सहामाहीचे पेपर तपासून होतात न होतात तोच पटांगणाच्या कडेला बांबू येऊन पडतात, आठवी-नववीच्या वर्गांतून निवडक मुलेमुली तालमीसाठी उठवून नेली जातात आणि गणिताचे शिक्षक अर्ध्या रिकाम्या बाकांकडे पाहत तास कसा घ्यावा या विवंचनेत पडतात. मग एका संध्याकाळी ध्वनिवर्धक कडाडतो. ध्वनिमुद्रित गाण्यांवर नृत्ये होतात, पाहुण्यांचे भाषण लांबते, बक्षिसे वाटली जातात. दुसऱ्या दिवशी मांडव उतरला की वर्षाचे 'सांस्कृतिक कार्य' उरकले असे समजून सारे दहावीच्या तयारीला लागतात. यात मुलांना आनंद होत नाही असे कोण म्हणेल? आनंद होतोच. प्रश्न एवढाच की, उरलेल्या दोनशे दिवसांत शाळेने मुलाच्या हाताला, गळ्याला आणि लेखणीला काय दिले?

या प्रश्नाचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी पूर्व खान्देशातल्या एका लहान गावाने देऊन ठेवले आहे. बोरी नदीच्या काठी वसलेल्या अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ साली पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण शिक्षक दाखल झाले. शाळेच्या छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आले आणि आजूबाजूच्या खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांसाठी त्यांनी एक हस्तलिखित दैनिक सुरू केले. नाव साधेच, 'छात्रालय'. दिवसभर शिकवावे, रात्री जागून दैनिकाचा अंक स्वतःच्या हाताने लिहावा आणि सकाळी तो मुलांना वाचायला मिळावा, असा तो क्रम. त्यात थोरांची चरित्रे असत, कविता असत, जगातल्या घडामोडी असत. पुढे 'विद्यार्थी' हे मासिकही त्यांनी काढले. १९३० साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. म्हणजे त्यांची सारी शाळामास्तरकी अवघ्या सहा वर्षांची. 'श्यामची आई' तर १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली. पण गोष्ट मुलांपुढे कशी मांडावी, हा सराव आधी अमळनेरात झाला होता, असे मानायला हरकत नसावी.

साने गुरुजींचे नाव घेतले की आपण हात जोडतो आणि मोकळे होतो. सर्वांनाच कुठे साने गुरुजी होता येते, असे म्हटले की जबाबदारी संपते. वस्तुतः त्या दैनिकात अलौकिक असे काही नव्हते. कागद, शाई आणि एका शिक्षकाची रात्र, एवढेच त्याचे भांडवल. त्याला परीक्षक नव्हता, ढाल नव्हती, प्रमाणपत्र नव्हते. मुख्य म्हणजे ते रोजचे होते. आपल्या आजच्या उपक्रमांत नेमके हे रोजचेपण हरवले आहे. वर्षातून एकदा होते तो समारंभ. रोज होते त्याची सवय लागते, आणि संस्कार घडतो तो सवयीने.

याचा अर्थ शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असा नव्हे. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला आणि तो शब्द आपल्या वेळापत्रकात आला. प्रत्यक्षात मात्र त्या तासाला बहुधा राहिलेले गणित पुरे केले जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शंभराहून अधिक पट असलेल्या शाळांत सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांचे अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांतली भिंतच पाडावी अशी इच्छा व्यक्त केली. इच्छा उत्तम आहे. पण चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले की ती जागा रिकामीच राहावी आणि चित्रकलेचा तास ज्याचे तास कमी भरतात त्याच्या गळ्यात पडावा, असा अनुभव ज्या शाळांना येतो, तिथे भिंत पाडण्याची भाषा जरा मोठीच वाटते.

गुणांचा प्रश्न याहून अवघड आहे. २०१७ पासून शास्त्रीय कला, लोककला आणि चित्रकला यांतील प्रावीण्याबद्दल दहावीच्या विद्यार्थ्यांना वाढीव गुण देण्याची पद्धत सुरू झाली. इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेत 'अ' श्रेणी मिळवणाऱ्यास सात, 'ब' श्रेणीस पाच आणि 'क' श्रेणीस तीन गुण मिळू लागले. कलेला परीक्षेच्या दरबारात आसन मिळाले म्हणून अनेकांनी त्याचे स्वागत केले, आणि ते चूक नव्हते. लहान गावातील ज्या पालकाला मुलीचे चित्र काढणे म्हणजे वेळेचा अपव्यय वाटत होता, तोच आता तिला रंगपेटी आणून देतो. सात गुणांनी जे साधले ते आपल्या व्याख्यानांनी साधले नव्हते, हे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

परंतु गुण आले की त्यांच्यामागून प्रमाणपत्र येते, आणि प्रमाणपत्राच्या मागून ते कुठे मिळते याची चौकशी. ज्या शहरात संगीताचे वर्ग आणि परीक्षाकेंद्रे आहेत तिथल्या मुलाला ही वाट सोपी. कानबाईच्या उत्सवात रात्र रात्र जागून आजीबरोबर अहिराणी गाणी म्हणणाऱ्या, आणि त्यांतली कितीतरी तोंडपाठ असलेल्या खान्देशातील मुलीने प्रमाणपत्र कोणाकडून आणावे? तिचे गाणे शाळेच्या व्यासपीठावरही क्वचितच येते. तिथे तिला 'शुद्ध' बोलायला शिकवलेले असते. अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तकरूपाने आली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. पाठ्यपुस्तकांतून त्यांच्या कविता आपण मुलांकडून पाठ करून घेतो. पण तशाच बोलीत वर्गातली मुलगी बोलली तर मात्र आपण तिला दुरुस्त करतो. यातली विसंगती आपल्या ध्यानातही येत नाही.

गुणांचे दुसरे उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण शाळा सढळ हाताने वाटतात, अशा तक्रारी होत्या. म्हणून २०१८-१९ या वर्षी ते बंद करण्यात आले आणि दहावीचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, पुढच्याच वर्षी ते गुण परत आले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. या गदारोळात टक्क्यांची चर्चा पुष्कळ झाली. मुलाने चार माणसांसमोर उभे राहून पाच मिनिटे नीट बोलावे, यासाठी ती तोंडी परीक्षा होती, ही गोष्ट मात्र कोणी फारशी काढली नाही. ज्याला गुण आहेत ते आपण कागदोपत्री उरकतो आणि ज्याला नाहीत ते वगळतो. मग करायचे काय?

गुण काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. मागणी तासाची आहे. स्नेहसंमेलनाच्या मांडवाला, ध्वनिक्षेपकाला आणि भाड्याच्या पोशाखांना जो खर्च येतो त्याच्या लहानशा अंशात वर्षभर भित्तिपत्रक चालेल. त्यात आठवड्याला एका वर्गाने लिहावे. चुका राहू द्याव्यात. बोलीतला मजकूर बोलीतच राहू द्यावा. आजीकडून ऐकलेले एक गाणे, बाजारातल्या वजनमापाचे जुने शब्द, गावच्या नदीला शेवटचा पूर कधी आला याची म्हाताऱ्यांकडे केलेली चौकशी, असे कितीतरी विषय गावातच पडलेले आहेत. अक्षर चांगले असलेला मुलगा आणि चित्र काढणारी मुलगी प्रत्येक वर्गात एखादी तरी सापडतेच, आणि बहुधा ती पहिल्या पाचांत नसतात. वर्गात कधी हात वर न करणारे मूल आपले नाव भिंतीवर पाहून पुन्हा पुन्हा तिथून जाते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना अधिक सांगण्याची गरज नाही.

अमळनेरला १९५२ साली मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्यानंतर ते पुन्हा तिथे आले २०२४ च्या फेब्रुवारीत. मधली बहात्तर वर्षे संमेलनाच्या मांडवाशिवाय गेली. शाळा मात्र रोज भरत होत्या. बहुतेक हायस्कुलांत शनिवारी सकाळची शाळा असते आणि तिचे शेवटचे दोन तास कसे जातात हे मुख्याध्यापकांना ठाऊक असते. ते दोन तास भित्तिपत्रकाला, वाचनाला आणि गाण्याला द्यायचे तर त्यासाठी मंत्रालयातून कागद येण्याची वाट पाहावी लागत नाही. मात्र ते जूनमध्येच, वेळापत्रक फळ्यावर लागण्याआधी, ठरवावे लागेल. डिसेंबरात बांबू येऊन पडल्यावर नव्हे.