दोन टाळ्या, पाच येन

जपानमधल्या नागानोच्या डोंगरातल्या तोगाकुशी देवस्थानाची शेवटची दोन किलोमीटरची वाट पायीच तुडवायची. मध्यावर गवताने शाकारलेला लाल दरवाजा, पुढे ४०० वर्षांचे उंच सुगी वृक्ष. पुराणकथेत सूर्यदेवी गुहेत दडली तेव्हा तोंडावरची शिळा हटवणारा बलदंड देव वरच्या देवळात असतो. तोरी कमानीखालून मी कडेनेच गेलो. मधली वाट देवाची. शिंतो देवळात आधी हात धुवायचे: पळीने डावा, मग उजवा, मग डाव्या तळहातावरच्या पाण्याने चूळ, शेवटी पळी उभी धरून दांडाही धुवायचा. दर्शनाला मूर्ती नसते. पेटीत पाच येनचं भोकाचं नाणं टाकलं; त्याचा उच्चार ‘गोएन’, म्हणजे ऋणानुबंधही. दोनदा वाकलो, दोन टाळ्या वाजवल्या. दुसरी टाळी झाडीत विरेपर्यंत हात जोडलेलेच राहिले. पुन्हा एकदा वाकून वळलो, तेव्हा लक्षात आलं, मागायचं राहूनच गेलं.