दोरी ओढण्याची मुभा : फ्रीमाँटच्या एका कारखान्याची २६ वर्षं

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावचा जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा कंपनीच्या सर्वांत बदनाम कारखान्यांत त्याची गणना होत होती. रोज पाचातला एक कामगार दांडी मारत असे. पाळीवर दारू चाले, अचानक संप होत, तक्रारींच्या फायली साचत. या सगळ्यावर एकच नियम अढळ होता : गाड्या जुळवण्याची लाइन थांबवायची नाही. इंजिन चुकीचं बसलेलं डोळ्यांना दिसत असलं तरी गाडी पुढे सरकू द्यायची. दुरुस्ती नंतर, बाहेर आवारात. चूक दाखवणारा माणूस तिथे अडथळा ठरत असे, म्हणून माणसं गप्प राहायला शिकली होती.

दोनच वर्षांत त्याच छपराखाली दुसरा कारखाना उभा राहिला. टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी भागीदारीत ‘नुम्मी’ ही कंपनी काढली. टोयोटाला अमेरिकेत, अमेरिकी कामगारांकडून गाड्या बनवून पाहायच्या होत्या. जनरल मोटर्सला छोटी गाडी चांगली आणि स्वस्तात कशी बनते ते शिकायचं होतं. कामावर घेतलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के जुन्याच कारखान्यातले होते. युनियन तीच होती, तिचे जुने पुढारीही परत आले होते. पहिली गाडी १९८४ च्या डिसेंबरात बाहेर पडली आणि थोड्याच काळात गैरहजेरी दोन-तीन टक्क्यांवर आली. एमआयटीच्या संशोधकांनी नंतर तुलना केली. एक गाडी जुळवायला जनरल मोटर्सच्या फ्रेमिंगहॅम कारखान्यात ३१ तास लागत होते, टोयोटाच्या जपानमधल्या ताकाओकात १६ आणि नुम्मीत १९. दर शंभर गाड्यांमागे दोष फ्रेमिंगहॅममध्ये १३५, ताकाओकात ४५ आणि नुम्मीतही ४५.

‘कामगारच वाईट’ हे जुन्या व्यवस्थापनाचं निदान या आकड्यांनी खोटं ठरवलं. मग बदललं काय?

सगळ्यांच्या तोंडी असते ती लाइनच्या वरून जाणारी दोरी. काम बिनसलं की कोणत्याही कामगाराने ती ओढायची. टीम लीडर धावत येतो, दोघं मिळून अडचण सोडवतात. नाही सुटली तर लाइन थांबते. शेकडो टीम लीडर आणि गटप्रमुखांना काही आठवड्यांसाठी ताकाओकाला पाठवलं गेलं. आपल्या चुकीमुळे काम अडलं तरी कोणी ओरडत नाही, उलट मदतीला येतं, हे त्यांनी तिथे पाहिलं. ज्यांनी आयुष्यभर लाइनवर फक्त शिव्या ऐकल्या होत्या, त्यांच्यासाठी हा अनुभव कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोठा होता.

कामाची पद्धत ठरवण्याचा हक्कही खाली आला. पूर्वी अभियंता घड्याळ घेऊन मागे उभा राहायचा आणि कामगार मुद्दाम हळू काम करून दाखवायचा. नुम्मीत ते घड्याळ कामगारांच्याच हातात आलं. चार-सहा जणांची टोळी एकमेकांच्या कामाचा वेळ मोजायची, सर्वांत सोपी आणि सुरक्षित रीत निवडायची आणि ती लिहून ठेवायची. दुसऱ्या पाळीच्या लोकांनाही तीच रीत हाती मिळायची. अनुभवी कामगाराच्या हातातली खुबी अशी सर्वांची झाली. १९९१ मध्ये कामगारांकडून दहा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्यांतल्या बहुसंख्य अमलातही आल्या.

तरीही या सगळ्याचा पाया मला दोरीत किंवा घड्याळात दिसत नाही. तो करारातल्या एका कलमात दिसतो. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कोणालाही कामावरून कमी करायचं नाही. तशी वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कापायचे आणि बाहेर दिलेली कामं परत आत आणायची, असं ते वचन होतं. त्याची परीक्षा लवकरच झाली. १९८७-८८ मध्ये नुम्मीत बनणाऱ्या शेव्हरोले नोव्हाची मागणी घसरली आणि कारखाना निम्म्याहून थोड्याच अधिक क्षमतेवर आला. एकाही माणसाला घरी पाठवलं गेलं नाही. ज्यांचे हात रिकामे झाले त्यांना प्रशिक्षण आणि सुधारणांच्या कामाला लावलं. काम वाचवणारी युक्ती सुचवली तर आपलीच नोकरी जाईल, ही भीती त्या वर्षी मोडली. ती मोडल्याशिवाय कोणता कामगार आपली खुबी कंपनीच्या स्वाधीन करील?

हे चित्र निर्दोष नव्हतं. कामाचा वेग असह्य आहे, हा ताणावर चालणारा कारभार आहे, असं युनियनमधला एक गट सतत सांगत राहिला. १९९३ च्या नव्या मॉडेलच्या वेळी हात-पाठीच्या दुखण्यांच्या तक्रारी वाढल्या आणि राज्याच्या सुरक्षा यंत्रणेने कंपनीवर ठपका ठेवला. विश्वास एकदा कमावला की कायमचा राहत नाही. मॉडेल बदललं की तो नव्याने कमवावा लागतो.

सर्वांत मोठा धडा मात्र नुम्मीच्या बाहेर मिळाला. टोयोटाने जनरल मोटर्सच्या माणसांपासून काहीही लपवलं नाही. ते येत, पाहत, शिकत आणि आपल्या कारखान्यांत परतत. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइजमध्ये त्याच पद्धतीची दोरी बसवली गेली. पण फोरमनची किंमत तिथे अजून गाड्यांच्या संख्येवरच ठरत होती आणि कामगाराच्या डोक्यावर कारखाना बंद पडण्याची टांगती तलवार होती. दोरी होती, ती ओढण्याचा धीर नव्हता. तो कारखाना १९९२ मध्ये बंद झाला. जनरल मोटर्सने पुढे शिकायला घेतलं, पण फार उशिरा. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि भागीदारीतून अंग काढून घेतलं. टोयोटाने १ एप्रिल २०१० रोजी नुम्मी बंद केली. त्याच वर्षी ती जागा टेस्लाने घेतली.

टोयोटाचं नाव असलं की विश्वास आपोआप येतो, असंही नाही. किर्लोस्कर समूहाबरोबर टोयोटाने बंगळुरूजवळ बिडदीला उभारलेल्या कारखान्यात २०१४ आणि २०२० मध्ये टाळेबंदी झाली. पद्धतीचं पुस्तक तेच असूनही व्यवस्थापन आणि कामगार समोरासमोर उभे ठाकले.

चाकण असो, सातपूर असो वा एखादं सरकारी कार्यालय, आपल्याकडे सूचनापेट्या आहेत, प्रशिक्षणवर्ग आहेत, भिंतीवर घोषवाक्यं आहेत. पेटी रिकामी राहिली की दोष कर्मचाऱ्यांच्या उदासीनतेला दिला जातो. फ्रीमाँटचा इतिहास सांगतो की आधी वरच्यांनी उत्तर द्यायला हवं. चूक सांगणाऱ्याचं मागच्या खेपेला काय झालं? काम सोपं करून दाखवणाऱ्याची जागा शाबूत राहिली का? मंदी आली तेव्हा पहिली कात्री कोणाच्या पगाराला लागली? माणसं आपलं ज्ञान कोणाच्या हवाली करायचं हे याच उत्तरांवरून ठरवतात, आणि त्यांचं ते ठरवणं अगदी रास्त आहे.