बीलचा करार आणि एक महागडं कलम

एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये खेळाडूची अदलाबदल करताना संघ सहसा त्याची संमती विचारत नाही. ब्रॅडली बीलला मात्र विचारावंच लागे. २०२२ मध्ये वॉशिंग्टन विझार्ड्सने त्याच्याशी ५ वर्षांचा, सुमारे २५ कोटी डॉलरचा करार केला. वर अदलाबदल नाकारण्याचा हक्कही देऊन टाकला. रकमेपेक्षा ही उदारता जास्त महागात पडली.

पुढच्याच वर्षी बील फिनिक्स सन्सकडे गेला आणि कलमही त्याच्याबरोबर गेलं. त्याच सुमारास नवे नियम आले: पगारखर्चाची दुसरी मर्यादा ओलांडणाऱ्या संघाला अनेकांचे पगार एकत्र जोडून एखादा महागडा खेळाडू घेता येत नाही. सन्स त्या रेषेपलीकडेच होते.

कलम आणि नियम दोन्ही आड येत असल्याने बीलची अदलाबदल जुळेना; शेवटी २०२५ मध्ये सन्सने त्याला करारातून मोकळं केलं. तो क्लिपर्सकडे गेला. त्याची उरलेली रक्कम विभागून दिल्याने सन्सच्या पगारखात्यात मात्र ५ वर्षं, दरवर्षी सुमारे १.९ कोटी डॉलर त्याच्या नावावर पडणार आहेत.