टायमिंग चेनची अकाली झीज

टायमिंग चेनची अकाली झीज हा मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनात आढळणारा एक गंभीर यांत्रिक बिघाड आहे. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत पोहोचवणारी धातूची साखळी अपेक्षित आयुष्यमर्यादेपूर्वीच लांबते, सैल पडते किंवा तुटते, तेव्हा त्यास अकाली झीज असे म्हटले जाते. ही साखळी इंजिनाच्या आयुष्यभर टिकावी या हेतूने बसवलेली असते. त्यामुळे रबरी टायमिंग बेल्टप्रमाणे ती ठरावीक किलोमीटरनंतर बदलण्याची सूचना बहुतेक उत्पादक देत नाहीत आणि तिच्या झिजेकडे दुर्लक्ष होण्याची शक्यता वाढते. लक्षणे वेळीच ओळखल्यास साखळी व तिचे सुटे भाग बदलून इंजिन वाचवता येते. विलंब झाल्यास संपूर्ण इंजिन निकामी होऊ शकते.

रचना व कार्य

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एक फेरी पूर्ण होते. कॅमशाफ्टवरील उंचवटे झडपा, म्हणजेच व्हॉल्व्ह, उघडतात. पिस्टन सिलिंडरच्या कोणत्या टप्प्यावर असताना कोणता व्हॉल्व्ह उघडावा व कधी मिटावा, हा मेळ टायमिंग चेन राखते. क्रँकशाफ्टवरील दातेरी चाकाला १८ दाते असल्यास कॅमशाफ्टवरील चाकाला ३६ दाते असतात.

साखळीबरोबर इतर काही भाग काम करतात. प्लॅस्टिकच्या किंवा प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या मार्गदर्शक पट्ट्या, म्हणजे गाइड, साखळीला ठरलेल्या मार्गावर ठेवतात. टेन्शनर हा भाग साखळीच्या सैल बाजूवर दाब देऊन ती ताणलेली ठेवतो. आधुनिक इंजिनांतील टेन्शनर बहुधा इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. इंजिन बंद असताना तेलाचा दाब नसतो. त्या वेळी आतील स्प्रिंग आणि, बसवलेली असल्यास, मागे सरकू न देणारी खाच टेन्शनरला जागेवर धरून ठेवते.

साखळीवर पडणारा भार मोठा असतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३,००० फेऱ्या घेत असताना १८ दात्यांच्या चाकावरून सेकंदाला ९०० कड्या जातात. साखळी १३० कड्यांची असेल, तर ती सेकंदाला सुमारे सात वेळा संपूर्ण फिरते.

साखळी लांबण्याची प्रक्रिया

साखळी ‘ताणली गेली’ असे सर्वसाधारणपणे म्हटले जात असले, तरी तिच्या पोलादी पट्ट्या प्रत्यक्षात ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील खिळा आणि तो ज्या छिद्रात किंवा नळीत फिरतो ती जागा, या दोन्ही घासून झिजतात. प्रत्येक सांध्यात थोडी पोकळी निर्माण होते व या सर्व पोकळ्यांची बेरीज साखळीची वाढलेली लांबी म्हणून दिसते.

उदाहरणादाखल, दोन खिळ्यांमधील अंतर ८ मिलिमीटर असलेल्या १३० कड्यांच्या साखळीत प्रत्येक सांधा ०.०४ मिलिमीटर झिजला, तर साखळी एकूण ५.२ मिलिमीटरने लांबते. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांमधील ताणलेल्या भागात ४० कड्या असतील, तर त्या भागाची लांबी १.६ मिलिमीटरने वाढते आणि ३६ दात्यांच्या चाकावर कॅमशाफ्ट सुमारे २ अंशांनी मागे पडतो. क्रँकशाफ्टच्या मापात हा फरक ४ अंशांचा असतो. एवढ्या फरकानेही ज्वलनावर परिणाम होतो. साखळी एका दात्याने घसरल्यास कॅमशाफ्टचा फरक एकदम १० अंशांचा, म्हणजे क्रँकशाफ्टच्या मापात २० अंशांचा होतो.

कारणे

अकाली झिजेचे सर्वांत महत्त्वाचे कारण इंजिन ऑइलशी संबंधित असते. तेल वेळेवर न बदलणे, पातळी कमी राहणे किंवा उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीऐवजी वेगळे तेल वापरणे यांमुळे सांध्यांतील वंगणाचा थर टिकत नाही. डिझेल इंजिनांत आणि थेट इंधन-अंतःक्षेपण असलेल्या पेट्रोल इंजिनांत ज्वलनातून निर्माण होणारी काजळी तेलात मिसळते व तिचे सूक्ष्म कण सांध्यांत घासकामाच्या पुडीसारखे वागतात. वारंवार अगदी कमी अंतराचा प्रवास केल्यास इंजिन पुरेसे तापत नाही, तेलात इंधन व पाणी साचते आणि तेल पातळ होते.

दुसरे कारण रचनेतील किंवा निर्मितीतील उणीव हे होय. टेन्शनरची खाच घसरणे, गाइडचे प्लॅस्टिक ठिसूळ होऊन तुटणे, खिळ्यांचा पृष्ठभाग पुरेसा कठीण नसणे आणि दातेरी चाकाची झीज ही याची उदाहरणे आहेत. तुटलेल्या गाइडचे तुकडे तेलाच्या गाळणीत अडकून तेलपुरवठाच कमी करू शकतात.

लक्षणे व निदान

गाडी बराच वेळ उभी राहिल्यानंतर सुरू करताना काही सेकंद येणारा खडखडाट हे सर्वांत परिचित लक्षण आहे. टेन्शनरमध्ये तेलाचा दाब येईपर्यंत सैल साखळी गाइडवर आणि झाकणावर आपटते. आवाज लवकर थांबत असल्याने अनेक वाहनधारक त्याकडे दुर्लक्ष करतात. मात्र हा आवाज दिवसेंदिवस लांबत असल्यास तपासणी तातडीने करणे आवश्यक ठरते. इंजिन असमान चालणे, ताकद कमी होणे, सुरू होण्यास वेळ लागणे आणि ‘चेक इंजिन’ दिवा लागणे ही इतर लक्षणे होत.

क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांची स्थिती दोन स्वतंत्र सेन्सर मोजतात. त्यांतील मेळ बिघडल्यास इंजिनाचा संगणक पी००१६ ते पी००१९ या गटातील त्रुटी-संकेत नोंदवतो. मात्र सदोष सेन्सर, खराब वायरिंग किंवा व्हॉल्व्हच्या वेळा बदलणाऱ्या यंत्रणेतील बिघाड यांमुळेही हेच संकेत येऊ शकतात. म्हणून केवळ संकेतावरून साखळी बदलण्याचा निर्णय घेतला जात नाही. प्रथम तेलाची पातळी व स्थिती पाहिली जाते, मग संकेतांची पडताळणी होते आणि शेवटी झाकण उघडून किंवा तपासणी-छिद्रातून टेन्शनर किती बाहेर आला आहे हे पाहिले जाते. टेन्शनर मर्यादेपर्यंत बाहेर आलेला असल्यास साखळी लांबल्याचे बहुधा निश्चित होते.

परिणाम

बहुतेक आधुनिक इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि सर्वांत वर आलेला पिस्टन यांना एकाच वेळी पुरेल एवढी जागा नसते. साखळी तुटल्यास कॅमशाफ्ट थांबतो, पण पिस्टन वेगामुळे वर येतच राहतात आणि उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, पिस्टनला भोके पडू शकतात आणि सिलिंडर हेड खराब होते. चालत्या गाडीत असे घडल्यास इंजिन अचानक बंद पडते. मग ब्रेक व स्टिअरिंग यांना मिळणारे साहाय्य कमी होऊ लागते आणि महामार्गावर अपघाताचा धोका निर्माण होतो.

दुरुस्ती

दुरुस्तीत केवळ साखळी बदलणे पुरेसे नसते. जुन्या दातेरी चाकाचे झिजलेले दाते नवी साखळी लवकर झिजवतात. म्हणून साखळी, टेन्शनर, गाइड व आवश्यक ती चाके संच म्हणून बदलली जातात. काम करताना क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट ठरलेल्या स्थितीत विशेष अवजारांनी रोखून धरावे लागतात. एकदाच वापरायचे बोल्ट पुन्हा वापरले जात नाहीत. जोडणीनंतर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून खुणा जुळतात याची खात्री केली जाते.

साखळी आधीच तुटलेली असेल, तर सिलिंडर हेड उघडण्यापूर्वी व्हॉल्व्हची गळती तपासून नुकसानीचा अंदाज घेतला जातो. जुन्या गाडीच्या बाबतीत हेडची दुरुस्ती, वापरलेले इंजिन बसवणे आणि गाडी भंगारात काढणे या पर्यायांचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहावा लागतो. खडखडाट सुरू असतानाच केलेली दुरुस्ती या सर्वांपेक्षा बहुधा स्वस्त पडते.

उल्लेखनीय उदाहरणे

बीएमडब्ल्यू कंपनीच्या २००७ साली आलेल्या एन४७ या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात साखळी गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या मागील टोकाला होती. तिच्या अकाली झिजेच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या आणि साखळीपर्यंत पोहोचणेच कठीण असल्याने दुरुस्ती खर्चिक ठरली. फोक्सवॅगन समूहाच्या ईए१११ मालिकेतील १.२ व १.४ लिटर टीएसआय इंजिनांतही साखळी लांबण्याचे व घसरण्याचे प्रकार घडले. २०१२ पासून आलेल्या ईए२११ मालिकेत कंपनीने साखळीऐवजी दातेरी पट्टा वापरला.

भारतात फियाटचे १,२४८ घन सेंटिमीटरचे १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन साखळीवर चालणारे होते. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तसेच हरियाणातील मानेसर येथे त्याचे उत्पादन झाले. मारुती स्विफ्ट, डिझायर, टाटा इंडिका व्हिस्टा आदी अनेक कौटुंबिक गाड्यांत ते वापरले गेल्याने साखळीच्या देखभालीचा प्रश्न देशातील असंख्य वाहनधारकांशी निगडित राहिला.

प्रतिबंध

उत्पादकाने नमूद केलेल्या प्रतीचे तेल व चांगला ऑइल फिल्टर वेळेवर बदलणे हा सर्वांत प्रभावी उपाय आहे. शहरातील वाहतूक कोंडी, धूळ व अल्प अंतराचा प्रवास यांना उत्पादक बहुधा ‘कठीण वापर’ मानतात आणि अशा वापरासाठी तेल बदलण्याचा कालावधी कमी सांगतात. २०२० मध्ये लागू झालेल्या एपीआय एसपी या पेट्रोल इंजिन ऑइलच्या मानकात साखळीच्या झिजेची चाचणी समाविष्ट करण्यात आली. दोन सर्व्हिसिंगच्या दरम्यान तेलाची पातळी मोजपट्टीने तपासणे, उतारावर गाडी उभी करताना केवळ गिअरवर न विसंबता हँडब्रेक लावणे, आणि जुनी गाडी विकत घेताना तेल बदलल्याच्या नोंदी पाहून थंड इंजिन सुरू करताना येणारा आवाज ऐकणे याही उपयुक्त सवयी आहेत.