दरड कोसळण्याआधी डोंगर काय सांगतो?

सुरतकरांना पूर नवा नाही. ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी घराघरांत शिरले होते, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. उकाई धरण येथून सुमारे 100 किलोमीटरवर आहे. तेथून सोडलेले पाणी शहरात पोहोचायला काही तास लागतात, तेवढ्यात सामान माळ्यावर चढवता येते. दरडीचे तसे नाही. डोंगर एकदा सुटला की काही क्षणांत घरावर येतो. आपल्यातील ज्या कुटुंबांची गावाकडची घरे कोकणात किंवा घाटमाथ्यावर आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती देत आहोत.

जुलै 2005 मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी कोसळल्या. 30 जुलै 2014 रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाडले गेले, 151 माणसे गेली. 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातीलच तळिये आणि 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी. या चारही घटना जुलै महिन्यातल्या आहेत.

याचे कारण समजून घेऊ. सह्याद्रीचा काळा कातळ टणक असला, तरी त्यावर माती आणि मुरुमाचा थर असतो. सतत पाऊस पडला की हा थर पाणी पिऊन जड होतो. मातीच्या कणांमधले पाणी कणांना एकमेकांपासून दूर रेटते आणि त्यांची पकड सुटते. घर, रस्ता किंवा शेत यांसाठी उताराचा पायथा कापला असेल, झाडे तोडली असतील, तर आधार आणखी कमी होतो. मग सगळा थर कातळावरून घसरतो.

घसरण्यापूर्वी पुष्कळदा काही खुणा दिसतात. उतारावर आडवी भेग पडते आणि रुंदावत जाते. झाडे, विजेचे खांब, कुंपण कलते. दारे-खिडक्या एकाएकी अडकू लागतात. नवा झरा फुटतो किंवा जुन्या झऱ्याचे पाणी गढूळ होते. खानदेशातील काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्या वेगळ्या. पावसाळ्यात उतारावर पडलेली भेग मात्र धोक्याची समजावी.

अशी भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकाव्यात आणि त्यांमधील अंतर रोज मोजून तारखेसह लिहून ठेवावे. भेगेत पाणी जाऊ नये म्हणून वर ताडपत्री घालावी, पावसाचे पाणी चर काढून दुसरीकडे वळवावे. तलाठी व तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077 आहे. मात्र अंतर वाढत असेल किंवा डोंगरातून घरघर ऐकू आली, तर मोजमाप करत थांबू नये. सर्वांनी घर सोडावे. दरडीच्या वाटेत खाली न पळता बाजूला जावे.

आमचे गाव धोक्याच्या यादीत नाही, असे म्हणून स्वस्थ बसू नये. इर्शाळवाडीही अशा यादीत नव्हती, असे सरकारने 2023 मध्ये विधिमंडळात सांगितले होते.

घर सोडणे सोपे नसते, हे आम्ही जाणतो. जुलै म्हणजे भातलावणीचे दिवस. गोठ्यात गुरे असतात आणि वाडवडिलांनी बांधलेल्या घरावरून मन निघत नाही. म्हणून रात्री कोणाकडे जायचे आणि गुरे कोठे बांधायची, हे मे महिन्यातच ठरवावे. सुरतेत राहणाऱ्या मुलाने गावच्या आईवडिलांशी याविषयी स्पष्ट बोलावे. घराचा विमाही पाहावा. 2021 पासून मिळणाऱ्या 'भारत गृह रक्षा' विम्यात दरडीने झालेले नुकसान धरलेले आहे. मात्र पैसे घराचे मिळतात, माणसे परत येत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा आजोबांबरोबर घरामागचा उतार एकदा चालून या. भेग, कललेले झाड, नवा झरा दिसला तर वहीत टिपा आणि घरातील मोठ्यांना लगेच दाखवा. पावसाळ्याआधी केलेली ही पाहणी सर्वांत उपयोगाची.