हँग होणारा नवा कॉम्प्युटर: आधी फॉरमॅट नको

सुटे भाग निवडून, दोन-चार दुकानांत भाव काढून घरीच जोडलेला कॉम्प्युटर पहिल्या दिवशी छान चालतो आणि मग मधेच थिजायला लागतो. माउसचा बाण जागच्या जागी अडकतो, चालू गाण्याचा एकच तुकडा घरघरत राहतो, आणि शेवटी पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही. मग सल्ले सुरू होतात. त्यातले बरेचसे चुकीचे असतात, आणि त्यापायी लोक विनाकारण पैसे घालवतात याचं वाईट वाटतं.

सगळ्यात आधी ऐकू येणारा सल्ला म्हणजे ‘विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मार.’ कालच टाकलेलं विंडोज आज आपोआप बिघडण्याचं कारण क्वचितच विंडोजमध्ये असतं. खात्री करून घेणं सोपं आहे. बायोसच्या पडद्यावर जाऊन कॉम्प्युटर तसाच सोडून द्या. तिथेही थिजला तर विंडोज निर्दोष सुटलं, कारण ते अजून सुरूच झालेलं नाही. बायोसमध्ये काही झालं नाही, तर पेनड्राइव्हवरून उबंटू चालवून पाहा, इन्स्टॉल न करता. तिथेही तोच प्रकार घडला, तर दोष हार्डवेअरमध्ये किंवा बायोसच्या सेटिंगमध्ये आहे. उलट, रॅम सदोष असताना विंडोज पुन्हा टाकलं, तर फाइली डिस्कवर उतरतानाच बिघडू शकतात आणि नसलेला बिघाड तयार होतो. म्हणून फॉरमॅट करायचाच असेल, तर तो हार्डवेअर तपासून झाल्यावर.

‘पडदा थिजला म्हणजे सगळंच बंद पडलं’ हेही खरं नाही. अशा वेळी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबून बघा. त्याचा दिवा लागत-विझत असेल, तर आतली यंत्रणा बहुधा जिवंत आहे आणि संशय ग्राफिक्स कार्डावर किंवा त्याच्या ड्रायव्हरवर जातो. विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबली की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. पडदा क्षणभर काळा होऊन काम पुढे सरकलं, तर शोधाची दिशा मिळाली. दिवाही हलत नसेल, तर प्रकरण जास्त खोल आहे.

आता रॅम. माझ्या मते नव्या जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये पहिला संशय इथेच घ्यावा, कारण खोक्यावर छापलेला वेग म्हणजे हमी, असं जवळजवळ सगळेच धरून चालतात. डीडीआर४ रॅमचा प्रमाणित वेग ३२०० पर्यंतच जातो. खोक्यावर ३६०० लिहिलेली रॅम बायोसमधली एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्यावरच त्या वेगाने धावते. नाहीतर ती २१३३ ते २६६६ अशा साध्या वेगावर सुरू होते. एक्सएमपी, किंवा एएमडीच्या बोर्डांवरचं एक्स्पो, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, प्रमाणित वेगापलीकडे पळवणं. रॅम त्या वेगाला टिकते, एवढंच तिची कंपनी सांगते. तुमचा प्रोसेसर आणि मदरबोर्ड टिकतील, असं तिने म्हटलेलं नसतं. चार स्टिक लावल्या की ओझं आणखी वाढतं. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेचंच बघा: दोन स्टिकना कंपनीने ५२०० चा वेग मान्य केला आहे, चार लावल्या तर फक्त ३६०० चा. तरी लोक ६००० च्या दोन जोड्या आणून चारही खाचा भरतात.

तेव्हा एक्सएमपी बंद करून दोन-तीन दिवस नेहमीचं काम करा. हँग होणं थांबलं, तर रोग सापडला. थांबलं नाही, तर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. लाल रंगातली एकसुद्धा चूक दिसली तरी ती गंभीर आहे. ‘एवढं चालतं’ म्हणून सोडून देऊ नका. पण चूक दिसली म्हणजे रॅमच वाईट असंही नव्हे. एकेक स्टिक एकाच खाचेत लावून पाहा, मग खाच बदला. चूक स्टिकबरोबर फिरली तर रॅम, खाचेपाशी राहिली तर बोर्ड किंवा प्रोसेसर. दोनच स्टिक असतील, तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसतात. मॅन्युअल उघडून खात्री करा.

डीडीआर५ वाल्यांचा एक गैरसमज वेगळाच. पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहतो, आणि मशीन मेलं समजून लोक बटण दाबतात. त्या वेळात बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. थांबा.

‘गरम होतो म्हणून हँग होतो’ हे अर्धसत्य आहे. तापमान पाहायला हवंच, कारण कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहून गेल्याचे प्रकार खरोखर घडतात. पण आजचा प्रोसेसर तापला की आधी वेग कमी करतो आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर बंद पडतो. रायझन ७००० चे काही प्रोसेसर जोरकस कामात ९५ अंशांपर्यंत जातील असेच बनवलेले आहेत. ६० अंशांवर थिजणाऱ्या मशीनला आणखी पंखे लावून उपयोग नाही.

वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसबद्दलही असंच. ८० प्लसचा शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, बाकीच्या दर्जाबद्दल नाही. शिवाय वीज कमी पडली की कॉम्प्युटर बहुधा थिजत नाही, एकदम बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की एसएमपीएस बदलायला सांगणारे खूप आहेत. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की मागच्या वेळी विंडोज रीतसर बंद झालं नव्हतं. थिजलेलं मशीन तुम्ही बटण दाबून बंद केलंत तरी हीच नोंद होते! शोधायची असेल तर ‘व्हीया-लॉगर’ची (WHEA-Logger) नोंद शोधा; ती हार्डवेअरच्या चुकीची खरी खूण आहे.

‘नवा भाग खराब कसा असेल?’ असा प्रश्न येतो. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जास्त व्होल्टेजमुळे इजा होत होती. कंपनीने २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुधारित मायक्रोकोड दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ही सुधारणा बायोस अपडेटमधून मिळते, आधी झालेली इजा मात्र भरून येत नाही. म्हणून ‘बायोसला हात लावू नका’ हा जुना सल्ला आता सोडून द्यायला हवा. फक्त अपडेट चालू असताना वीज जाता कामा नये, तेव्हा यूपीएस लावूनच करा.

दुकानात जाताना मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो, बिल आणि खोकं बरोबर न्या. रॅम जोडीने घेतली असेल, तर एकच स्टिक सदोष निघाली तरी दोन्ही परत द्या; बदलून मिळतानाही जोडीच मागून घ्या.