थरावर थर आणि मातीच्या नळ्या

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई लावताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या लेखाचा अर्धा विषय अगोदरच ठाऊक आहे असे म्हणावयास हरकत नाही. भट्टीवर भांडे तापवावयाचे, नवसागराची पूड टाकून त्याचे अंग स्वच्छ करावयाचे, कथलाची कांडी टेकवावयाची आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने क्षणार्धात आतून सर्वत्र फिरवावयाचे. तो थर इतका पातळ की भांड्याच्या वजनात फरक पडल्याचे कोणास कळणार नाही; परंतु त्याच्याच आश्रयाने तांब्याच्या पातेल्यात चिंचेचे सार निर्धास्तपणे उकळता येई. दोष एवढाच की कल्हई एकदा उडाली की ती आपण होऊन परत येत नाही. कल्हईवाल्याची हाक ऐकू येईपर्यंत ते भांडे फडताळात पालथे पडून राही.

पातळ थराला आपली जखम आपणच भरून काढता येईल काय, हा प्रश्न रसायनशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत मनावर घेतला आहे. त्यांस जे उत्तर सापडले त्यात दोन गोष्टी आहेत : एक, थर चढविण्याची अत्यंत साधी रीत, आणि दुसरी, निसर्गात आयती मिळणारी एक माती.

अध्यापक विद्यालयात आम्हांस ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र घोकावयास लावीत, म्हणून आधी मोजमाप पाहू. एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले तर त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर. माणसाचा केस ढोबळमानाने ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. आता तेलाकडे वळू. तेलाचा थेंब पाण्यावर कसा धावतो हे, ज्यांच्या पूर्वजांनी कुलाबा जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या घाणे चालविले, त्या आपल्या समाजास सांगावयास नको. बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनच्या क्लॅपम भागातील एका तळ्यात चमचाभर तेल ओतले तेव्हा ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर गेले. १७७४ मध्ये हा वृत्तांत रॉयल सोसायटीने छापला. चमच्यात ४ घन सेंटिमीटर तेल धरा, अर्धा एकर म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटर धरा आणि भागाकार करा. थराची जाडी २ नॅनोमीटर येते, म्हणजे जवळजवळ एका रेणूइतकी! फ्रँकलिन यांनी हा भागाकार केला नाही. आठवीच्या मुलास तो पाच मिनिटांत करता येतो, आणि तो त्याच्याकडून अवश्य करून घ्यावा.

पाण्यावरचा असा एकपदरी थर काचेवर अलगद उचलून घेण्याची विद्या अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत अर्व्हिंग लँगम्यूर आणि कॅथरीन ब्लॉजेट यांनी सिद्ध केली. ब्लॉजेटबाईंनी १९३८ मध्ये काचेवर असे ४४ थर चढवून तिची चकाकी नाहीशी करून दाखविली. परंतु हे काम फार नाजूक. पात्रातील पाणी हलता कामा नये, काच सपाट हवी, हात स्थिर हवा. वाकडातिकडा खिळा किंवा पिठासारखी पूड अशा रीतीने कोण मढविणार?

त्यावरचा तोडगा विद्युत्‌भाराच्या साध्या नियमात होता. ड्यू पाँट कंपनीतील राल्फ आयलर यांनी १९६६ मध्येच दाखवून दिले होते की काचेवर धनभारित व ऋणभारित सूक्ष्म कण आळीपाळीने बसविले तर थरावर थर चढत जातो. त्या निबंधाकडे पुढे पाव शतक फारसे कोणी फिरकले नाही. नंतर १९९१ च्या सुमारास जर्मनीतील माइन्त्स येथे गेरो डेखर यांनी कणांऐवजी विद्युत्‌भारित पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीसारखे रेणू वापरून तीच कल्पना पुन्हा उभी केली, आणि मग मात्र जगभर तिचा बोलबाला झाला. कृती ऐकून वाचकांना हसू येईल. धुतलेली काच पाण्यात ऋणभारित असते. ती धनभारित पॉलिमरच्या पातळ द्रावणात दहावीस मिनिटे बुडवावयाची, काढून पाण्याने विसळावयाची, मग ऋणभारित पॉलिमरच्या द्रावणात बुडवावयाची, पुन्हा विसळावयाची. दोन वाट्या आणि विसळण्याचे पाणी, एवढीच सामग्री!

यातील खरी खुबी थर बसतो यात नसून तो बसावयाचा थांबतो यात आहे. धनभारित साखळ्या काचेकडे ओढल्या जातात त्या काचेचा ऋणभार केवळ फिटेपर्यंत नव्हे, तर किंचित अधिकच; त्यामुळे पृष्ठभाग आता स्वतःच धनभारित होतो आणि मागून येणाऱ्या धनभारित साखळ्यांना दूर लोटतो. काच वाटीत रात्रभर विसरून राहिली तरी दुसरा पदर चढत नाही. पुढचा पदर चढवावयाचा तर विरुद्ध भाराच्या द्रावणातच जावे लागते. अशा रीतीने एका जोडीगणिक एक ते काही नॅनोमीटर जाडी मोजूनमापून वाढते. ती कमीअधिक करावयाची असेल तर द्रावणात मीठ घालावे. मीठ नसताना साखळीवरील समान भार एकमेकांस ढकलतात व साखळी ताणून सपाट बसते. मीठ घातले की ते ढकलणे मंदावते, साखळी गुंडाळते आणि पदर जाड होतो. साखळ्या एकमेकींस चिकटतात त्याचे श्रेय केवळ आकर्षणासही देऊ नये. त्या जुळताना त्यांना बिलगून असलेले लहान आयन सुटून पाण्यात मोकळे होतात, आणि त्या मोकळेपणाचा वाटा मोठा असतो. हे थर वहीच्या पानांसारखे सुटेही नसतात. शेजारचे पदर एकमेकांत बरेच घुसलेले असतात. गोधडी बरी, वही नव्हे.

या रीतीने काय काय मढवून झाले याची यादी लांब आहे. १९९८ मध्ये पॉट्सडॅम येथील माक्स प्लांक संस्थेत सूक्ष्म गोळ्यांवर थर चढवून, आतला गोळा विरघळवून पोकळ कुप्या तयार करण्यात आल्या. निकोलस कोटोव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मातीच्या चपट्या पापुद्र्यांचे आणि पॉलिमरचे थर आलटून पालटून रचून शिंपल्याच्या मोतिया अस्तरासारखे चिवट पटल बनविले. परंतु आपणांस आज चपटी माती नको, गुंडाळलेली हवी आहे.

तिचे नाव हॅलॉयसाइट. १८२६ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ प्येर बर्तिए यांनी बेल्जियमचे भूगर्भशास्त्रज्ञ ओमालियस दॅलॉय यांच्या सन्मानार्थ ते ठेविले. रासायनिक दृष्ट्या ही चिनी मातीची सख्खी बहीण : तेच ॲल्युमिनियम, तेच सिलिकॉन, तोच ऑक्सिजन व हायड्रोजन. दोघींचा पापुद्राही सारखाच, एका अंगाला सिलिकेचा पत्रा आणि दुसऱ्या अंगाला ॲल्युमिनाचा. सिलिकेचा पत्रा किंचित मोठा असतो, त्यामुळे दोघे जोडले की पापुद्र्याला वळावेसे वाटते. चिनी मातीत वरखालचे पापुद्रे एकमेकांस घट्ट धरून ठेवतात, सबब तो सपाट राहतो. हॅलॉयसाइटमध्ये पापुद्र्यांच्या मध्ये पाण्याचे रेणू शिरलेले असतात. पकड सैल होते आणि पापुद्रा गुंडाळला जातो. सुरळीची वडी डोळ्यांपुढे आणा, म्हणजे चित्र पुरे होईल. सिलिकेचे अंग बाहेर, ॲल्युमिनाचे आत, आणि मधोमध आरपार पोकळी. नळीची लांबी साधारण एक हजार नॅनोमीटर, बाहेरचा व्यास ५० च्या आसपास आणि पोकळीचा सुमारे १५. विद्युत्सूक्ष्मदर्शकाखाली हे नळीरूप दिसले ते विसाव्या शतकाच्या मध्यास. तोवर ही केवळ पांढरी माती होती. न्यूझीलंडच्या उत्तर टोकाकडील मातौरी उपसागराजवळची अशी माती शुभ्र चिनी भांड्यांसाठी नावाजली गेली. अमेरिकेतील युटा राज्यातही तिचे साठे आहेत.

निसर्गाने येथे एक देणगी अधिक दिली आहे. साधारण पाण्यात नळीचे बाहेरचे अंग ऋणभारित असते व आतले धनभारित. म्हणजे बाहेरून पॉलिमरचे थर चढविण्यास ती आयतीच सिद्ध, आणि आत दुसऱ्या प्रकारचे रेणू मुक्कामास ठेवण्यासही. अमेरिकेतील लुइझियाना टेक विद्यापीठातील युरी ल्वोव्ह यांनी या नळ्यांच्या उपयोगाचा ध्यास घेतला. योगायोग नव्हे, कारण थर चढविण्याच्या विद्येच्या आरंभीच्या काळात ते डेखर यांच्याबरोबर काम करीत होते. नळ्या भरावयाच्या कशा? कोरडी पूड औषधाच्या दाट द्रावणात कालवावयाची आणि भांड्यातील हवा ओढून घ्यावयाची. नळ्यांतील हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते. मग हवा परत सोडली की द्रावण आत ढकलले जाते. उघड्या नळीतून हे औषध काही तासांत झिरपून जाते. थांबवून धरावयाचे असेल तर तोंडाशी बूच हवे, किंवा बाहेरून थरांचे पांघरूण.

आता कल्हईच्या त्या प्रश्नाचे उत्तर देता येते. विमानाच्या ॲल्युमिनियमवर पूर्वापार क्रोमेटचा लेप देत आले. तो गुणकारी खरा, परंतु त्यातील षट्‌संयुजी क्रोमियम कर्करोगास कारण होते, म्हणून युरोपात त्याच्या वापरावर कडक निर्बंध आले. २००८ मध्ये पॉट्सडॅम आणि पोर्तुगालमधील आवेइरो येथील संशोधकांनी हॅलॉयसाइटच्या नळ्यांत गंजरोधक द्रव्य भरले, बाहेरून पॉलिमरचे थर चढविले आणि त्या नळ्या विमानाच्या ॲल्युमिनियमवरील पातळ लेपात मिसळल्या. लेपास ओरखडा पडला आणि तेथे धातू खाल्ला जाऊ लागला की त्या जागेपुरती पाण्याची आम्लता बदलते. या बदलाने थर सैल पडतात, नळीतले द्रव्य बाहेर येते आणि उघड्या पडलेल्या धातूवर जाऊन बसते. इतरत्र नळ्या मिटलेल्याच राहतात. अश्दोदच्या खाऱ्या वाऱ्यात गॅलरीचे लोखंडी कठडे दर दोनतीन वर्षांनी घासून रंगविणाऱ्या कुटुंबांना ‘इतरत्र मिटलेल्याच’ या शब्दांचे मोल कळेल. आपण कठडा रंगवितो तो सबंध. गंज मात्र एका कोपऱ्यात लागलेला असतो.

हे सारे उद्या बाजारात डब्यांतून मिळेल असे मात्र कोणी समजू नये. ‘नॅनो’ हे अक्षरद्वय लावून हल्ली काहीही विकतात. थर चढविण्यात वेळ जातो, आणि शंभर वेळा बुडविणे व विसळणे कारखान्यास परवडत नाही. म्हणून बुडविण्याऐवजी द्रावणे फवारण्याची रीत पुढे आली, तिने तासांचे काम मिनिटांवर आणले. नळ्या लेपात सारख्या पसरविणे हेही सोपे नाही. त्या गुठळ्या करतात, आणि गुठळीच्या जागी लेप उलट कच्चा होतो.

आपल्या घराजवळचा एक प्रयोग याहून अधिक गोड आहे. हैफा येथील टेक्निऑनमध्ये एस्थेर सेगल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नळ्यांत कार्व्हाक्रोल हे तेल भरले. हे ओरेगानोचे तेल. येथील झातरच्या पानांतही ते असते, आणि आपल्या ओव्यातील थायमॉल त्याचे अगदी जवळचे भावंड. बुरशी व जंतू यांस ते मारक आहे. पण प्लॅस्टिकची पिशवी बनविताना प्लॅस्टिक शंभर अंशांच्या बऱ्याच वर तापवावे लागते, तेव्हा असले उडते तेल टिकावे कसे? नळीत भरलेले पुष्कळसे टिकते आणि पुढे पिशवीतून सावकाश दरवळत राहते, असे त्यांना २०१५ मध्ये दिसून आले. २०१७ पासून युरोपीय संघाच्या साह्याने टेक्निऑनच्या नेतृत्वाखाली अशा वेष्टनांचा मोठा प्रकल्प चालला. पावावर बुरशी उशिरा धरते की काय याचीही त्यात परीक्षा झाली. गृहिणी लगेच विचारतील, पावास ओव्याचा वास नाही का येणार? प्रश्न रास्त आहे. बुरशीस पुरेसे आणि नाकास अपुरे इतकेच तेल सुटावे, यातच त्या वेष्टनाची कसोटी.

या नळ्या अपायकारक आहेत काय, हेही विचारले पाहिजे. पेशींवरील आणि लहान प्राण्यांवरील बऱ्याच प्रयोगांत हॅलॉयसाइट सौम्य ठरले आहे. तथापि ही माती शरीरात विरघळून जात नाही, म्हणून रक्तात टोचावयाच्या औषधासाठी ती वापरू नये असे ल्वोव्ह यांच्यासारखे तिचे पुरस्कर्तेच सांगतात. त्वचेवरील लेप, जखमेची पट्टी ही तिची क्षेत्रे. प्लॅस्टिकात किंवा रंगात जखडलेली नळी आणि हवेत उडणारी तिची पूड यांतही फरक करावयास हवा. काही खाणींतील मातीत क्वार्ट्झ व क्रिस्टोबलाइट मिसळलेले असते, आणि त्यांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेल्यास फुप्फुसे निकामी होतात. पिशवीतला पाव खाणाऱ्यापेक्षा कारखान्यात या पुडीची पोती उघडणाऱ्याची चिंता आधी करावी. त्याच्या तोंडास नुसते फडके पुरत नाही, योग्य गाळणीचा मुखवटा लागतो.